पंचवीस मिलिमीटरचं शहर

आदिलाबादहून रेल्वेत बसलं की किनवट, नांदेड करत मुंबई गाठता येते, आणि रस्त्याने सरळ दक्षिणेला निघालं की हैदराबाद. पैनगंगेच्या अलीकडे, जैनद-बेल्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी माणसाची राजधानी एक आणि भाषेचं मोठं शहर दुसरं. मोठा दवाखाना, वरचं कोर्ट, पोराची नोकरी, सगळं या दोहोंपैकी एकीकडे. त्यामुळे ही शहरं नेमकं चालवतं कोण, हा प्रश्न आम्हाला परका वाटत नाही. दोन्हीकडे रचनाही सारखीच आहे. नगरसेवक लोकांनी निवडायचे, महापौर निवडायचा नगरसेवकांनी, आणि तिजोरीची किल्ली मात्र राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती.

एरवी हा वाद अग्रलेखांत आणि परिसंवादांत रंगतो. मंगळवार, २६ जुलै २००५ रोजी तो मुंबईच्या रस्त्यांवर गळ्याएवढ्या पाण्यात उतरला. त्या दिवसाचं घड्याळ इथे मांडतो आहे. शून्य धरला आहे दुपारी ३ वाजून ५० मिनिटांचा, कारण तेव्हा समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती. पण मोजायला सुरुवात मात्र बरीच मागून करावी लागते.

१३४ वर्षं आधी

१८६५ च्या कायद्याने मुंबईला पहिला सर्वाधिकारी म्युनिसिपल कमिशनर मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. माणूस कर्तबगार. शहर धुऊन काढलं, मंडई बांधली, आणि पैसा असा उधळला की १८७१ मध्ये करदाते रस्त्यावर आले. कमिशनरची खुर्चीच नको, असा बहुतेकांचा सूर होता. त्या गर्दीत पंचविशीतल्या फिरोजशहा मेहतांनी उलट बाजू घेतली: कारभार एकाच हाती राहू द्या, फक्त त्या हातावर लोकांनी निवडलेल्या सभेचा वचक हवा. पुढे १८८८ चा जो कायदा झाला त्यात मेहतांचाच मोठा वाटा होता. कारभाराचे अधिकार आयुक्ताकडे आणि नेमणूक सरकारकडे, हे सूत्र त्या कायद्यात पक्कं बसलं आणि आजही मुंबई त्याच कायद्याने चालते. वचकाचं काय झालं, ते पुढे येतंच आहे. मेहतांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे परकं सरकार होतं आणि कर भरणारे मूठभर मतदार होते. मुंबईत कोट्यवधी लोक राहतील आणि मंत्रालयातल्या पक्षाचं पालिकेतल्या पक्षाशी वैर असेल, हे त्यांना कुठून दिसणार?

१२ वर्षं आधी

१९९३ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं. १ जूनला ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. नगरपालिकांना घटनेत जागा मिळाली आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपवायची १८ कामं लिहिली गेली. 'सोपवता येतील' अशा मोघम भाषेत लिहिली गेली, त्यामुळे राज्यांनी जेवढं सोयीचं तेवढंच सोपवलं. मुंबई प्रदेशाचं नियोजन, मोठे रस्ते, वांद्रे-कुर्ला संकुल हे सगळं १९७५ साली जन्मलेल्या एमएमआरडीए या प्राधिकरणाकडे होतं, ते तिच्याकडेच राहिलं. एमएमआरडीएचा मालक राज्य सरकार.

त्याच वर्षी 'ब्रिमस्टोवॅड' नावाचा अहवाल पालिकेच्या हाती पडला. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा हा पहिला समग्र अभ्यास. शहराच्या जुन्या गटारांची ताकद त्यात स्पष्ट लिहिली होती: तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही समुद्राला ओहोटी असताना. त्यातही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत धरलेलं. डांबर, काँक्रीट आणि पत्र्यांच्या शहरात निम्मं पाणी मुरतं कुठे, हे ज्याने त्याने ठरवावं. क्षमता दुप्पट करायची, तासाला ५० मिलिमीटर, असा प्रस्ताव होता आणि खर्च होता सुमारे ६१६ कोटी.

एवढे पैसे कुठून आणायचे, म्हणून अहवाल कपाटात गेला. पालिका म्हणे राज्याने द्यावेत, राज्य म्हणे देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका तुमचीच. दोघंही खोटं बोलत नव्हते.

७ वर्षं आधी

१९९८ साली मुंबईत महापौर-परिषदेचा प्रयोग झाला. कोलकात्यात असते तशी: महापौर आणि त्याची छोटी परिषद हेच कारभारी, आयुक्त त्यांच्या हाताखाली. नंदू साटम या पद्धतीतले पहिले महापौर झाले. वर्षभरातच प्रयोग गुंडाळला. नगरसेवकांना अधिकार दिले तर ठेकेदारांचं फावेल, अशी भीती तेव्हा बोलून दाखवली जात होती. आयुक्तांच्या काळात ठेकेदार उपाशी मरत होते, असं त्यावरून कुणाला वाटू नये.

७ महिने आधी

विलासराव देशमुखांच्या सरकारला मुंबईचं शांघाय करायचं होतं. 'बॉम्बे फर्स्ट' ही उद्योजकांची संस्था आणि मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी यांनी २००३ साली तयार केलेला आराखडा टेबलावर होता. २००४ च्या डिसेंबरात झोपड्यांवर बुलडोझर चालू झाले आणि दोन-तीन महिन्यांत हजारो घरं गेली. त्या आराखड्यात उड्डाणपूल होते, गगनचुंबी वित्तकेंद्र होतं. गटारांचा उल्लेख नसेल असं नाही, पण त्यांची कोनशिला बसवायला कुणी उत्सुक नव्हतं.

पालिकेत शिवसेना-भाजप, राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी. महापौर शिवसेनेचे दत्ता दळवी, आयुक्त जॉनी जोसेफ. म्हणजे महापौर एका गोटाचे आणि आयुक्त नेमणारे दुसऱ्या. पूर आला त्याच जुलैत नारायण राणेंची शिवसेनेतून हकालपट्टी झालेली, त्यामुळे सगळ्या राजकारणाचं लक्ष तिकडे.

सुमारे सव्वासात तास आधी: सकाळी ८:३०

सांताक्रूझच्या वेधशाळेत पर्जन्यमापक रिकामा करून नवा दिवस सुरू झाला. कोकणात जोराचा पाऊस पडेल, असा नेहमीचा अंदाज होता. ढगांच्या पोटात काय चाललंय ते तासागणिक सांगणारं डॉप्लर रडार मुंबईत नव्हतं. लोक डबे घेऊन कामावर गेले, मुलं शाळेत. दुपारी अडीचपर्यंत सांताक्रूझला पडला जेमतेम वीस मिलिमीटर. जुलैतल्या मुंबईकराने एवढ्यावर छत्रीही धड उघडली नसती.

सव्वा तास आधी: दुपारी २:३०

आता नकाशा पाहावा. मंत्रालय नरिमन पॉइंटला, पालिकेचं मुख्यालय फोर्टात सीएसटीसमोर. दोन्ही मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेपासून हाकेच्या अंतरावर. त्या चोवीस तासांत कुलाब्याला पाऊस झाला ७३ मिलिमीटर. जिथे हाहाकार उडाला ते सांताक्रूझ तिथून पंचवीसेक किलोमीटर उत्तरेला. ज्यांच्या हाती निर्णय होते त्यांच्या खिडकीबाहेर साधा पावसाळी दिवस होता.

सांताक्रूझला अडीचला आभाळ फाटलं. अडीच ते साडेसहा या चार तासांत ४८१ मिलिमीटर. यातला एक तास एकट्याने १९० चा. गटारं बांधलेली पंचवीसला. सात पट गुणाकार करायला अभियंता लागत नाही.

पालिकेने तेव्हा उपनगरांत आपली स्वतःची स्वयंचलित पर्जन्यमापकं लावलेली नव्हती. ती नंतर आली. त्यामुळे कुठल्या वॉर्डात किती पडतोय हे नियंत्रण कक्षाला आकड्यांत कळण्याची सोयच नव्हती. कळत होतं ते फोनवरून, आणि थोड्याच वेळात फोनही गेले.

शून्य: ३:५०

मिठी नदी पवई आणि विहार तलावांच्या सांडव्यांतून निघते आणि सुमारे १८ किलोमीटरांवर माहीमच्या खाडीला मिळते. तिचा हा छोटा प्रवास म्हणजे मुंबईच्या कारभाराची झडतीच. वर पवईकडे पालिका. मध्ये विमानतळ, म्हणजे केंद्र सरकारचं प्राधिकरण. धावपट्टीसाठी नदीला काटकोनात वळवलेलं आणि खालून वाहायला लावलेलं. मग जरीमरी, बैलबाजार, क्रांतीनगर, जिथे काठावर घरं आणि कारखाने, आणि पात्रात तेल, भंगार, गोठ्यांचं शेण. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल, पाणथळ जागा बुजवून एमएमआरडीएने उभं केलेलं. मध्येच रेल्वेचे पूल, त्यांच्या मोऱ्या साफ करायच्या रेल्वेने आणि पैसे द्यायचे पालिकेने, हे भांडण दर मे महिन्यातलं. शेवटी खाडीचं मुख, तिथे वांद्रे-वरळी सागरी सेतूसाठी टाकलेला भराव. नदी एक आणि धनी इतके, की त्यातला कुणीही खरोखर धनी नाही.

भरती आली तेव्हा समुद्राने दार लावून घेतलं. दार हा शब्द शब्दशः घेऊ नये. समुद्रात उघडणाऱ्या शंभरावर मुखांपैकी झडपा होत्या फक्त तिघांना: हाजीअली, लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलंड बंदर. बाकीच्यांतून समुद्रच गटारांत शिरला. आकाशातून येणारं पाणी आणि समुद्रातून येणारं पाणी कुर्ला-कलिन्यात एकमेकांना भेटलं.

पाऊण तास नंतर: साडेचार

सायन-कुर्ल्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल थांबल्या. लोकल थांबली की मुंबई चालायला लागते, हा शिरस्ता. लाखो माणसं पायी निघाली. पश्चिम द्रुतगती मार्गावरून, एलबीएस मार्गावरून, कुणीतरी बांधलेल्या दोराला धरून, छातीभर पाण्यात. सीएसटी आणि चर्चगेटला लाखाच्या वर लोक रात्रभर अडकले. शाळांच्या बसमध्ये मुलं अडकली. विमानतळ बंद झाला तो तीस तासांच्या वर बंद राहिला.

आणि गाड्या. पाणी चढत गेलं तसं काही गाड्यांची कुलपं आणि काचा बंद पडल्या. आतली माणसं सुकी होती, पण हवा संपत होती. त्या दिवसानंतर कित्येक मुंबईकर गाडीत हातोडी ठेवू लागले.

साकीनाक्याजवळ टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीवर दरड कोसळली. सत्तरच्या आसपास माणसं गेली. टेकडीच्या उतारावर वस्ती आहे हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. मतदार याद्यांत ती नावं होती. दरडीच्या धोक्याची यादी मात्र म्हाडा, जिल्हाधिकारी आणि पालिका या तिघांत फिरत असते, कारण जमीन कुणाची ते आधी ठरावं लागतं.

चार तास नंतर: रात्री ८ च्या सुमारास

मोबाइलचे मनोरे विजेविना गप्प झाले होते. विजेचा धक्का बसू नये म्हणून उपनगरांतला वीजपुरवठा बंद करावा लागला. लोक घरी पोचले की नाही, हे घरच्यांना कळायला मार्ग नव्हता.

या तासांत मुंबईचा कारभार कुणी चालवला? हे मी उपरोधाने विचारत नाही. चालवला तो गल्लीतल्या माणसांनी. मशिदी, गुरुद्वारे, गणेश मंडळं, शाळा उघडल्या गेल्या. अनोळखी माणसांना घरात घेतलं, खिचडी शिजली. पुढे याच गोष्टीची 'मुंबई स्पिरिट' म्हणून इतकी पूजा झाली की ती ऐकून कंटाळा येतो. लोकांनी एकमेकांना दोर धरला यात शहराच्या व्यवस्थेचं काहीच कर्तृत्व नव्हतं, पण त्याचा मोठेपणा तिने आपल्या नावावर लावून घेतला.

लष्कर आणि नौदल बोलावलं गेलं. बोटी होत्या, पण कुठल्या गल्लीत जायचं ते सांगणारा एकच माणूस नव्हता. मंत्रालयात एक नियंत्रण कक्ष, पालिकेत दुसरा, पोलिसांचा तिसरा, रेल्वेचे आपापले. महापौरांना कायद्याने यातल्या एकालाही आदेश देता येत नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी लोक जाब विचारायला आपापल्या नगरसेवकाच्या दारात गेले. जावं कुठे? आयुक्ताला मत देऊन कुणी निवडलेलं नव्हतं.

१७ तास नंतर: २७ जुलै, सकाळी ८:३०

सांताक्रूझच्या वेधशाळेत मापक वाचला गेला. ९४४ मिलिमीटर. आमच्या आदिलाबादला वर्षभरात याहून थोडाच जास्त पाऊस पडतो, आणि आमच्याकडचा पाऊस तेलंगणाच्या इतर भागांपेक्षा बरा समजतात.

दोन दिवस नंतर: २८ जुलै

पाणी ओसरत होतं. जुहूजवळच्या नेहरूनगर झोपडपट्टीत संध्याकाळी अफवा उठली: धरण फुटलं, त्सुनामी येतेय. त्सुनामी या शब्दाची ओळख होऊन सात महिनेच झाले होते. चेंगराचेंगरीत डझनाच्या वर माणसं मेली, त्यांत बायका-मुलं पुष्कळ. या मृत्यूंना पाऊस कारण नव्हता. खरं काय ते सांगणारा विश्वासाचा आवाज सरकारकडे उरला नव्हता.

गोठ्यांतल्या म्हशी, देवनारच्या शेळ्या-मेंढ्या, हजारोंनी मेलेली जनावरं रस्त्यात पडली होती. मागोमाग लेप्टोस्पायरोसिस आला. शहरात पुरात चारशेच्या वर माणसं गेली आणि नंतरच्या रोगराईत दोनशेच्या वर. महाराष्ट्रात मिळून हजाराच्या वर. महाडकडची जुई, दासगाव ही गावं दरडीखाली गेली, त्यांची आठवण मुंबईच्या गोंगाटात बुडाली.

तीन आठवडे नंतर

आधी दोष प्लास्टिकच्या पिशव्यांवर आला आणि सरकारने बंदीची घोषणा केली. मग शहराला एकच प्रमुख हवा, सर्वाधिकारी, ही जुनी मागणी पुन्हा वर आली. राज्यातल्या सरकारने पालिकेतल्या सत्तेकडे बोट दाखवलं, शिवसेनेने मंत्रालयाकडे. आणि १९ ऑगस्टला सरकारने केलं काय, तर आणखी एक प्राधिकरण काढलं: मिठी नदी विकास आणि संरक्षण प्राधिकरण, अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. नदीची वाटणीही ठरली. वरचे जवळपास १२ किलोमीटर पालिकेकडे, खालचे ६ एमएमआरडीएकडे. अनेक मालकांमुळे बुडालेल्या नदीला त्यांतलेच दोन मालक पुन्हा, फक्त आता सरकारी आदेशाने.

पुराच्या चौकशीसाठी नेमलेल्या माधव चितळे समितीने २००६ च्या मार्चमध्ये अहवाल दिला. पाटबंधाऱ्यांत आयुष्य गेलेला माणूस, त्यामुळे भाषा कोरडी आणि शिफारशी नेमक्या: पात्र रुंद आणि सरळ करा, अतिक्रमणं आणि भराव हटवा, उदंचन केंद्रं बांधा, रडार आणा, पर्जन्यमापकं बसवा, शहराच्या उंच-सखल नकाशाचं काम करा. कपाटातला ब्रिमस्टोवॅडही बाहेर आला, आता बाराशे कोटींचा होऊन, केंद्राच्या मदतीने. आठ उदंचन केंद्रांपैकी हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलंड, ब्रिटानिया उभी राहिली, गझदरबंध २०१९ ला सुरू झालं. मोगरा आणि माहुल जमिनीच्या तंट्यांत वर्षानुवर्षं रखडली. जमीन कुणाची, हा प्रश्न साकीनाक्याला होता तोच.

१५ वर्षं नंतर, आमच्या राजधानीत

१३ ऑक्टोबर २०२०. हैदराबादवर पाऊस कोसळला. शेजारच्या घटकेसरला चोवीस तासांत ३२ सेंटिमीटर. तलाव फुटले, वसाहती बुडाल्या. मुंबईचा ब्रिमस्टोवॅड तसा हैदराबादचाही एक अहवाल होता, किर्लोस्कर कन्सल्टंट्सचा, २००० च्या पुरानंतर २००३ मध्ये आलेला. त्याचंही तेच झालं. पुरानंतर राज्य सरकारने घरटी दहा हजार रुपये वाटायला काढले, महापालिकेची निवडणूक तोंडावर होती, आणि निवडणूक आयोगाने १८ नोव्हेंबरला वाटप थांबवलं. १ डिसेंबरच्या मतदानात भाजप चार जागांवरून ४८ वर गेला. गटारांवरून झालेली ही एकमेव निवडणूक असावी जिच्यात गटारांबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं. २०२४ च्या जुलैत तलावांवरची अतिक्रमणं पाडायला 'हायड्रा' नावाची नवी यंत्रणा आली, तीही मुख्यमंत्र्यांच्या अखत्यारीत, महापौरांच्या नव्हे.

याच शहरात २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीने हजारो माणसं ओढून नेली होती. आदिलाबाद तेव्हा निजामाच्याच राज्यात. पूर अडवण्यासाठी अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, आणि १९२० ला उस्मानसागर, १९२७ ला हिमायतसागर हे जलाशय बांधून झाले. निजामाला निवडणूक लढवायची नव्हती आणि जमिनीसाठी कुणाची परवानगी घ्यायची नव्हती, हे खरं. म्हणून तो कारभार परत आणावा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण लोकांनी निवडलेल्या सत्तेला ६१६ कोटींचं काम बारा वर्षांत तडीस का नेता आलं नाही, याचं उत्तर निजामाकडे बोट दाखवून मिळत नाही.

२० वर्षं नंतर

७ मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेची मुदत संपली. निवडणूक झाली नाही. आयुक्त हेच प्रशासक झाले आणि जवळजवळ चार वर्षं नगरसेवकांशिवाय शहर चाललं: अंदाजपत्रकं मंजूर झाली, रस्त्यांचे हजारो कोटींचे ठेके निघाले, आणि नगरसेवक नाहीत याची अडचण ठेकेदारांना जाणवल्याचं ऐकिवात नाही. १८७१ मध्ये मेहता ज्या वचकाबद्दल बोलले होते तो या चार वर्षांत कागदावरसुद्धा नव्हता.

मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीतला गाळ काढण्याच्या ठेक्यांत ६५ कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. ठेकेदार, दलाल आणि पालिकेचे अधिकारी आरोपी. गाळ काढल्याची बिलं निघाली, गाळ किती निघाला याचा तपास चालू झाला. १५ जानेवारी २०२६ ला पालिकेची निवडणूक झाली. प्रचारात मराठी माणूस होता, परप्रांतीय होते, फुटलेले आणि जुळलेले पक्ष होते. महापौराला आयुक्तावर अधिकार असावा की नाही, हा मुद्दा मतदारांपुढे कुणी फारसा ठेवला नाही. आयुक्ताची नेमणूक मंत्रालयातूनच होते.